काटा चढला की थांबायचं

आमच्या घरात माणसाला ताप आला तर मनोहर भाऊजी थर्मामीटर काढतात. गाडीला ताप आला तर मात्र ते हात लावून बघतात. रस्त्याच्या कडेला गाडी घ्यायची, बॉनेट उघडायचं, पुढच्या एका जाड नळीवर फडकं टाकायचं, फडक्यावर तळहात ठेवायचा आणि डोळे मिटायचे. जाणारे-येणारे थांबून बघतात. त्यांना वाटतं, हा माणूस गाडीची दृष्ट काढतोय. मग भाऊजी डोळे उघडतात आणि मागे बसलेल्या आम्हा बायकांना सांगतात, "उतरा. तिले दम घेऊ द्या."

ती म्हणजे गाडी. पांढरी, डिझेलची, जुनी. ज्या कंपनीने ती काढली ती कंपनीच आता तसली गाडी काढत नाही, आणि रस्त्यात तिच्या बहिणीही दिसेनाशा झाल्यात. पण भाऊजींपुढे तिला कुणी जुनी म्हणायचं नाही. "वापरात आहे" म्हणायचं.

मनोहर भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. अमरावतीला आमचं घर खाली, त्यांचं वर. जिना एकच. नोकरी वजनमापे खात्यात झाली. बाजारात फिरून दुकानदारांचे तराजू तपासायचे, कुणाच्या पारड्याखाली चिंच चिकटवलेली आहे का ते बघायचं. रिटायर झाले, पण तराजू काही डोक्यातून उतरला नाही. भाजीवाली आमच्या गल्लीत आली आणि भाऊजी गच्चीत दिसले की ती आपणहून एक वांगं जास्तीचं टाकते.

बाकी सवयी सांगायला बसले तर पुस्तक होईल, एक मात्र सांगायलाच हवी. भाऊजी खोटं बोलत नाहीत. तुम्ही म्हणाल, चांगलंच आहे की. अहो, घरात असा माणूस असणं म्हणजे काय ते आम्हाला विचारा. एकदा आमच्या ह्यांना कुणाचा तरी फोन टाळायचा होता. फोन भाऊजींनी उचलला. ह्यांनी खुणेनं सांगितलं, नाही म्हण. भाऊजींनी फोनमध्ये सांगितलं, "दादा घरीच आहे, पण नाही म्हणून सांग म्हणते." आमच्या एका पुतणीला बघायला पाहुणे आले तेव्हाची तर गंमतच. मुलाच्या आईने पोह्यांचं कौतुक केलं, पोरीनेच केले ना म्हणून विचारलं. आम्ही सगळ्या माना डोलावतोय आणि भाऊजी बसल्या जागेवरून म्हणतात, "पोहे वयनीनं केले. पोरीनं लिंबू कापलं." लग्न जमलं ते त्या लिंबावरच. मुलाचे वडील म्हणाले, ज्या घरात लिंबूसुद्धा लपवत नाहीत तिथे दुसरं काय लपवतील.

तर सांगत होते गाडीचं.

मला गाडीतलं काही कळत नाही. इतकी वर्षं मागच्या सीटवर बसून जे कानावर पडलं तेवढं सांगते. इंजिनाच्या पोटात तेल असतं. इंजिन चाललं की ते तापतं, जुन्या डिझेल गाडीत तर फारच. म्हणून समोर, जाळीच्या मागे, एक चपटी पेटी बसवलेली असते. तेल नळीतून त्या पेटीत येतं, वारा खातं, निवतं आणि परत पोटात जातं. तिला ऑइल कूलर म्हणतात. आमच्या वऱ्हाडात होळी झाली की घरोघरी खिडकीतले कूलर धुवायला निघतात, त्यांच्यात गवताच्या नव्या ताट्या बसतात. भाऊजी त्याच दिवशी गाडीचाही कूलर काढतात. घरच्या कूलरला एकदा पाणी मारून मोकळे होतात, आणि गाडीच्या कूलरच्या जाळ्या दात घासायच्या ब्रशने घासत बसतात.

त्या कूलरपुढे त्यांनी एक पत्रा लावलेला होता. बिजागरीवर, खिडकीच्या झडपेसारखा. त्याला सायकलच्या ब्रेकची तार, तार आत गाडीत आणलेली, आणि तिच्या टोकाला ड्रॉवरची पितळी मूठ. मूठ ओढली की पत्रा मिटायचा, वारा बंद, तेल गरम. मूठ ढकलली की पत्रा उघडायचा. कशासाठी म्हणून विचारलं तर सांगायचे, थंडीत तेल गारठते. शेजारी तेलाचा ताप दाखवणारा एक काटाही बसवलेला, ट्रकमधला. त्या काट्याच्या तबकडीवर सिंधूच्या नेलपॉलिशने एक लाल रेघ ओढलेली. काटा रेघेला लागला की थांबायचं. मग गाडीत नवरदेव का बसलेला असेना.

सिंधू म्हणजे भाऊजींची बायको, माझी धाकटी जाऊ. स्वभावाने इतकी गरीब, की पंगतीत वरण वाढायचं राहिलं तर भाताला दही लावून घेईल पण हाक मारणार नाही. गेल्या काही वर्षांत तिने जाणं-येणंच कमी केलं होतं. बस नको, दुसऱ्याची गाडी नको, गार हवेची तर नकोच. विचारलं की म्हणायची, मले गाडी लागते. लग्नांना आम्ही जायचो, ती घर सांभाळायची, आणि आल्यावर आमच्याकडून सगळं ऐकून घ्यायची. जायचीच तर नवऱ्याच्या त्या तापट गाडीतून.

आणि तो प्रवास कसा. लोक अमरावतीहून अकोल्याला जाऊन, काम करून, परत येऊन जेवायला बसतात. आम्ही तेवढ्यात मूर्तिजापूरला पोचलो तर पोचलो. बडनेरा ओलांडलं की एक पेट्रोल पंप, तिथे दम. पुढे भाऊजींच्या ओळखीच्या एका मास्तरीणबाईंचं घर, तिथे दम. मग एक रोपवाटिका, मग बोरगाव मंजूच्या अलीकडे एक धर्मशाळा. गाडी नेहमी तिथेच तापायची. जागासुद्धा बदलायची नाही. माणसाला कसं चहाच्या वेळेला चहा आठवतो, तसं तिचं होतं. डिकीत पाण्याच्या दोन कॅन, एक प्लास्टिकचा मग्गा आणि साबणाची डबी. पाणी गाडीले लागते, साबण हात काळे होतात म्हणून. आमचे हे म्हणायचे, "मनोहर, तू बैलजोडी घे. बैल निदान थकल्यावर थांबतात, तुयी गाडी थांबल्यावर थकते." सगळ्यात जास्त टोमणे मात्र सिंधूचेच. 'ह्यांची'ला आमच्याकडे 'यायची' म्हणतात. "यायची गाडी न," ती पदर सावरत उतरायची, "चालते कमी अन् बसते जास्त."

ह्या चैत्रात सिंधूच्या अक्काचं सहस्रचंद्रदर्शन होतं, बार्शीटाकळीला. अकोल्याच्या पुढे. अक्का म्हणजे तिची थोरली बहीण, पण नावालाच बहीण. आईच्या मागे सिंधूची वेणीफणी, शाळा, लग्न सगळं अक्कानेच केलं. आता अक्काचा खुबा मोडलेला, ती खाटेवरून उठत नाही. म्हणजे भेट व्हायची तर सिंधूनेच जायचं, आणि पुढे कधी जमेल ते कुणी सांगावं. अक्काला ओवाळायच्या दिव्यांच्या वाती सिंधू संक्रांतीपासून वळत होती. स्टीलच्या डब्यात भरून ठेवल्या होत्या. दुपारी मी वर गेले की तिच्या हातात कापूस आणि बाजूला तिचा बिनसाखरेचा चहा, असंच चित्र.

त्याच वेळी माझा नितीन पुण्याहून आला. नितीनचा काकावर भारी जीव. काकाची गाडी तापते, काकूला ऊन लागतं, ह्याचं त्याला फार वाटायचं. त्याने मनात धरलं की काकाला चकित करायचं. भाऊजी एका कामाला बसने दर्यापूरला गेले तेव्हा ह्याने गाडी मेकॅनिककडे नेली आणि जुना कूलर काढून नवा, मोठा, चकचकीत कूलर बसवून आणला. पत्रा आणि तार मेकॅनिकने भंगारात दिली. मुठीचं भोक राहिलं होतं, तिथे नितीनने छोटासा गणपती चिकटवला.

भाऊजी आले. नितीनने त्यांना गाडीत बसवलं आणि भर उन्हात परतवाड्याच्या रस्त्याने दूरवर फिरवून आणलं. काटा जागचा हलला नाही. नितीन हसत उतरला. भाऊजी उतरले ते एखाद्याने तोंडावर पाणी मारावं तसे.

दुसरा माणूस असता तर पोराचं मन राखायला बोलला असता काहीतरी. भाऊजी म्हणाले, "काम चांगलं आहे, नित्या. पण मले नाही पायजे. माया पत्रा कुठी आहे?"

नितीनने सांगितलं, भंगारात गेला. आणि काका, एप्रिलमध्ये पत्रा कशाला हवाय, गाडी आता तापणारच नाही.

भाऊजींनी खिडकीतून त्या गणपतीकडे बघितलं. मग म्हणाले, "मंग बार्शीटाकळीचं काही जमत नाही."

जिन्यात सिंधू उभी होती, तिने ऐकलं. तुम्हाला वाटेल भांडली असेल. नाही. ती वर गेली, वातींचा डबा घेऊन खाली आली आणि नितीनच्या हातात दिला. "तू तुया गाडीनं जाशीन न, तवा देजो अक्काले." नितीन म्हणाला, अगं काकू, माझ्याच गाडीत चल, आरामात नेतो. ती हसली, म्हणाली, मले गाडी लागते बापा. आणि परत वर गेली. त्या दिवशी वरून कढईचा आवाजसुद्धा आला नाही.

मला राग आला. मी तडक वर गेले आणि भाऊजींना जे बोलायचं ते बोलले. एवढ्याशा पत्र्यापायी बाईला तिच्या बहिणीपासून तोडता, म्हटलं, शोभतं का ह्या वयात. भाऊजी खाली मान घालून ऐकत होते. माझं संपल्यावर उठले, टोपी घातली आणि म्हणाले, "बरोबर आहे तुमचं, वयनी. पत्रा पायजे."

गेले उन्हाचे सायकलवर, भंगारवाल्याकडे. त्यांचा पत्रा तोवर कुठल्या कुठे गेला होता. येताना गोडेतेलाचा रिकामा पिपा घेऊन आले, सूर्यफुलाचं चित्र असलेला. आणि अंगणात, कडुनिंबाखाली, बसले कामाला. पिपा कापला, कडा ठोकून आत वळवल्या, बिजागरी जुन्या पेटीची काढली. नवा कूलर मोठा, पत्रा पुरेना. मग कूलरच्या पट्टीचे बोल्ट ढिले करायचे, तो थोडा मागे कलता करायचा, नळीला ओढ बसते का बघायचं, परत कसायचे. पत्रा मिटवून बघायचा. फट दिसली की परत ढिलं. मी चहा घेऊन गेले तर फटीत बोट घालून वारा मोजत होते. एक बोट चिंधीने बांधलेलं. मी विचारलं तर म्हणाले, "पिपा नवा आहे, धार आहे त्याले."

मूठ लावायची वेळ आली तेव्हा गणपती आडवा आला. भाऊजींनी त्याला नमस्कार केला, अलगद सोडवला, काट्याच्या दुसऱ्या बाजूला बसवला आणि त्याच्या जागी मूठ बसवली. मग इंजिन चालू करून मूठ ओढून बसले, काट्याकडे डोळे लावून. काटा निघाला आणि हळूहळू रेघेला टेकला. भाऊजी इतके खूश की मला वाटलं, निकाल लागला.

नितीन माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "आई, काकांना गाडी तापायलाच हवी आहे गं."

मी म्हटलं, गप रे, वयाप्रमाणे चालतं.

ठरल्या दिवशी नितीन त्याच्या वडलांना घेऊन त्याच्या गाडीने पुढे गेला. आम्ही तिघं मागून निघालो. माझा गुडघा वाकत नव्हता म्हणून मी पहिल्यांदाच पुढे बसले. सिंधू मागे, मांडीवर नितीनकडून परत घेतलेला वातींचा डबा. गाडीत बोलण्याचं काम माझ्याकडे असतं. मी सुरू झाले ते थांबले नाही. सिंधू हूं हूं करत होती.

बडनेरा गेलं. थोड्या वेळाने सिंधूचं हूं हूं थांबलं. माझ्या ते लक्षातही आलं नसतं, पण पुढे बसल्यामुळे मला भाऊजी दिसत होते. त्यांनी वरच्या आरशात बघितलं. मागून ट्रक येतोय का असं बघतात तसं नाही. मी मान वळवली. सिंधू खिडकीबाहेर बघत होती, पदराचं टोक बोटाला घट्ट गुंडाळलेलं.

भाऊजींनी हळूच मूठ ओढली.

काटा चढू लागला. ते काट्याकडे बघत होते, आरशात बघत होते, आणि चालवतही होते. काटा रेघेला लागेपर्यंत गाडी काही थांबली नाही. लागला, आणि समोर पेट्रोल पंप आला. बॉनेट, फडकं, तळहात, डोळे. "उतरा. तिले दम घेऊ द्या."

"यायची गाडी न," सिंधू म्हणाली. "नवीन कूलर लावला तरी तेच." डिकीतून पाण्याची कॅन आणि मग्गा घेतला, साबणाची डबी घेतली, आणि पाय मोकळे करून येते म्हणत पंपाच्या मागच्या बाजूला गेली, जिथे बायकांसाठी नीट, कडी लागणारी खोली होती.

मी तिथेच बसून राहिले. बिनसाखरेचा चहा आठवला. पेट्रोल पंप, मास्तरीणबाईंचं घर, रोपवाटिका, धर्मशाळा आठवली. पंप सोडला तर एकाही जागी गाडीला लागेल असं काही नव्हतं. बाईला लागेल असं मात्र सगळीकडे होतं.

आता हे सांगायला हवं, कारण तरुण वाचकांना कळणार नाही. आमच्या पिढीच्या बायका गाडी थांबवा म्हणत नाहीत. गाडीत दीर असतो, जावई असतो, ड्रायव्हर असतो. कसं म्हणायचं? आम्ही निघायच्या दिवशी सकाळपासून पाणी पीत नाही, आणि कोरड्या तोंडाने पोचतो. शुगर असलेल्या बाईला तेही जमत नाही.

भाऊजींनी मूठ आत ढकलली. माझ्याकडे न बघता म्हणाले, "मी खोटं नाही बोललो, वयनी. काटा चढला होता."

मी म्हटलं, "हो. मी पाहिला."

मग त्यांनी फडक्याने हात पुसत थोडक्यात सांगितलं. कौंडण्यपूरच्या जत्रेहून येत होते, भाड्याच्या जीपमध्ये, सगळे पाहुणे. सिंधू थांबवा म्हणाली नाही. घर यायच्या आधीच व्हायचं ते झालं. तिने नंतर त्याचा शब्द काढला नाही, फक्त जाणं सोडलं. "तिच्यासाठी थांबवतो म्हटलं असतं त ती बसलीच नसती गाडीत," ते म्हणाले. "गाडीसाठी थांबाले तिची ना नसते."

तेलाचा एक थेंब जास्त तापला तर ज्याचा जीव खालीवर होतो, तो माणूस इतकी वर्षं आपल्या हाताने ते तापवत होता, कारण थांबायला खरं कारण हवं. मी काही बोलले नाही. माझ्या आयुष्यात असं फार वेळा झालेलं नाही.

बार्शीटाकळीला आम्ही सगळ्यात शेवटी पोचलो. नितीन फाटकाशी वाट बघत होता, घड्याळ दाखवत. पण दिवे लावायचे थांबले होते, वाती आमच्याकडे होत्या. सिंधू तशीच आत गेली. अक्काने तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि पहिलं काय विचारलं असेल, तर वेणी अशी काहून घातली. दोघी हसत होत्या आणि दोघींचे डोळे वाहत होते. मग सिंधूने वाती लावल्या, ताट अक्काच्या चेहऱ्याभोवती फिरलं आणि खाटेवरची ती एवढीशी म्हातारी उजळून निघाली.

जेवणं झाल्यावर मी आणि सिंधू ओसरीवर टेकलो. मला राहवेना, पण भाऊजींचं बोलणं फोडायचंही नव्हतं. आपलं उगाच म्हटलं, नवीन कूलर लावूनही भाऊजींची गाडी तापतेच गं.

सिंधू सुपारी कातरत होती. "तापते कायची, ताई," ती म्हणाली. "आंधी खट् असा आवाज येते समोरून. पत्रा लागल्याचा. मंग तापते."

मी तिच्याजवळ सरकले.

"तुमी बोलत असता न, म्हणून तुमाले येत नाही ऐकू. मी ऐकून राहते. तो आवाज आला की जिवाले बरं वाटते, आता थांबन म्हणून." तिने सुपारीचा तुकडा माझ्या हातावर ठेवला. "यायले सांगू नका. मले माहीत आहे हे समजलं, त मंग यायले लाज वाटन."

हे लिहू का म्हणून मी तिला विचारलं होतं. लिहा म्हणाली, आपल्यासारख्या बाया वाचतील, पाणी तरी पिऊन निघतील. आणि भाऊजींचं म्हणाल तर ते पुस्तकं वाचत नाहीत. हातात आलं तर फार तर वजन बघतील.

परतताना मी हट्टाने मागे बसले, सिंधूच्या शेजारी. गुडघा दुखला तर दुखू दे म्हटलं. अकोला गेलं. मी बोलायचं थांबले तेव्हा भाऊजींनी आरशात बघून विचारलं, "वयनी, तब्येत बरी आहे न?" मी म्हटलं, बरी आहे, तुम्ही चालवा. बाहेर ऊन उतरत होतं, शेतं नांगरून काळी पडली होती. बोरगाव जवळ आलं. सिंधूने पदराचं टोक बोटाला गुंडाळायला घेतलं.

समोरून आवाज आला. खट्.

तिचं बोट सुटलं. तिने खिडकीकडे तोंड वळवलं, आणि जरा वेळाने, पुढच्या सीटवर नीट ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "पाहा ताई, आता बसन ही कुठंतरी. यायची गाडी न."